बायकांची खोली

हुमनाबाद सोडल्यापासून नेत्रावतीनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. हात सुटे ठेवले की थरथरत, आणि शेजारी बसलेली बाई त्यांच्याकडे बघत होती. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं तेव्हा तिनं पर्सच नवऱ्याकडे, महेशकडे दिली. त्यानं कार्ड काढून दाखवलं, बायकांचं फुकटचं तिकीट घेतलं, स्वतःचं पैसे देऊन घेतलं, आणि दोन्ही खिशात ठेवली. बोलण्यासारखं सगळं बीदरच्या डॉक्टरांसमोर होऊन गेलं होतं.

डॉक्टरांनी तिच्या उजव्या बरगडीखाली बोटांनी दाबलं होतं. यकृताची कडा तिथं लागायला नको होती, ती लागत होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. "आत्ता थांबलात तर यकृत बरंच सावरतं," ते म्हणाले होते. "पोटात पाणी धरायला लागलं की मग माझ्या हातात फार काही राहत नाही." थरथर कमी व्हायला गोळ्या दिल्या, आणि एक फोन नंबर. गोळ्यांनी एकटं भागत नाही, असं ते म्हणाले. दारू सोडू बघणाऱ्यांच्या सभा भरतात, तिथं जाऊन बसावं लागतं.

महेशनं दुकानातून फोन लावला. भालकीजवळच्या मेहकरला त्याचं खत-बियाणांचं दुकान होतं. फोनवरच्या माणसानं कन्नडमध्ये तीन गावं सांगितली. उदगीर नेत्रावतीचं माहेर, ते बाद झालं. बीदरला सभा भरायची त्याच रस्त्यावर महेशच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान. उरलं गुलबर्गा, सगळ्यांत लांब. "पिणारे कोण आहेत?" फोनवरच्या माणसानं विचारलं. "घरातलेच एक जण," महेश म्हणाला. त्या माणसानं पुढं न विचारता पत्ता सांगितला.

घर लिंगायताचं. तिथं दारूचा थेंब कधी आला नव्हता. आला तो गोठ्यात. तुरीची रास म्हणजे मळणी करायला मजूर यायचे आणि संध्याकाळी त्यांना दारूची कागदी पाकिटं द्यावी लागायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या राशीला जायचे. सासूबाई लिंगम्मा त्या पाकिटांना हात लावत नसत. वाटपाचं काम नेत्रावतीकडे आलं. त्याच वर्षी तिची गर्भपिशवी काढली होती आणि तिला झोप नव्हती. गोठ्यात उरलेलं एक पाकीट तिनं औषधासारखं नाक दाबून घेतलं, आणि त्या रात्री झोप लागली. पुढं रास संपली, मजूर गेले, पाकिटं यायची थांबली नाहीत. भाजी विकणारी नागव्वा ती मेथीच्या जुड्यांखालून आणून द्यायची. नागव्वानं कधी विचारलं नाही, कोणासाठी. लिंगम्माला वाटत होतं, सुनेला कावीळ आहे. ती तिला सकाळी मुळ्याच्या पानांचा रस द्यायची.

सभा एका शाळेत होती. रविवारची शाळा बंद, फक्त व्हरांड्यातल्या दोन वर्गांची दारं उघडी. पहिल्या दाराशी पांढऱ्या सदऱ्यातला, कपाळावर भस्म लावलेला एक म्हातारा उभा होता. त्याचं नाव शिवय्या. त्यानं दोघांना हात जोडले.

"शरणु, शरणु. या अण्णा." महेशच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं त्याला आत घेतलं. मग नेत्रावतीकडे वळून म्हणाला, "अक्का, घरच्या बायका पलीकडच्या खोलीत बसतात. तिकडं दानम्मा आहे. घाबरू नका, नवरा आता आमच्याकडं आहे."

महेशनं तिच्याकडे पाहिलं. तिनं फरशीकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता आणि तो दोघांपैकी कोणीही बोललं असतं तरी चाललं असतं. मागून आणखी माणसं आली. महेश चपला काढून आत गेला.

पलीकडच्या खोलीत सात-आठ बायका लहान मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसल्या होत्या. दानम्मा चाळिशीची होती. नेत्रावती मराठी बोलते हे ऐकून, आपलं गाव निंबर्गा असं सांगत तिनं तिला शेजारी बसवून घेतलं.

"नवीन हायस. बोलावं वाटलं तर बोल, न्हाईतर नुसतं ऐक. आडनाव, गाव काही सांगायचं न्हाई इथं."

"तूच सांगितलीस की आत्ता निंबर्गा म्हणून," मागच्या बाकावरची सिद्धव्वा म्हणाली. ती सत्तरीची, दात नसलेली.

"माझं सोड. मला सगळं गुलबर्गा ओळखतंय."

एक तरुण मुलगी सांगत होती, नवरा घरी आला की ती त्याला पाणी देण्याच्या निमित्तानं जवळ जाते आणि श्वास हुंगते. न हुंगता तिला स्वयंपाक सुचत नाही. नेत्रावतीला महेश आठवला. रोज दुकानातून आल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन माठातलं पाणी स्वतः घ्यायचा आणि तिच्या अगदी जवळून परत जायचा. तिला वाटलं होतं, त्याला जवळ यावंसं वाटतं म्हणून.

"तुझा किती वर्षं पितोय?" सिद्धव्वानं विचारलं.

"चार," नेत्रावती म्हणाली.

आणि मग तिला थांबता आलं नाही. ते सकाळी उठले की आधी हात समोर धरून बघतात, ती म्हणाली. हात स्थिर असले तर म्हणतात आज नको, आणि दुपारपर्यंत ते स्थिर राहत नाहीत. ते डाळीच्या डब्यात लपवतात. वास जावा म्हणून कच्चा कांदा खातात. मुलीच्या शाळेत बोलावलं होतं तर ते निघाले, आणि बसस्टँडवरूनच परत आले. मुलगी आता काही मागत नाही, वही सुद्धा आजीकडे मागते. ते रोज ठरवतात. ठरवताना खोटं नसतं. बायका माना हलवत होत्या. तरुण मुलगी रडत होती. नेत्रावतीच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं खरं बाहेर पडत होतं आणि त्यातला माणूस तेवढा खोटा होता.

"माझ्याचं सुटलं बग," सिद्धव्वा म्हणाली. "तिरडीवर."

"मग आता कामून येतीस, आज्जे?" कोणीतरी म्हणालं.

"नवरा गेला. हितला चहा सुटंना."

बायका हसल्या. नेत्रावतीही हसली आणि हसताना तिच्या लक्षात आलं की दानम्मा हसत नाही, नेत्रावतीच्या हातांकडे बघते आहे. तिनं हात पदराखाली घेतले.

"एक ध्यानात ठेव," दानम्मा एवढंच म्हणाली. "त्याच्यासाठी तू कितीबी बोललीस तरी उपयोग न्हाई. ज्याचं हाय त्यानंच बोलावं लागतंय."

परतीची बस गावाबाहेर पडली.

"मला टाळ्या वाजवल्या," महेश म्हणाला. "पहिल्यांदा आला म्हणून. मॅट्रिक झालो तवा बी कुणी वाजवल्या न्हवत्या."

"तुम्ही काय बोललात?"

"काय बोलू? नाव सांगितलं अन् बसलो. त्यांनी म्हणलं, पहिल्यांदा असंच होतंय." तो खिडकीबाहेर बघू लागला. दोन्ही बाजूंना तुरीची खुटं उभी होती. "नेत्रा, असंच राहू दे. मी तिकडं बसतो, तू बायकांत बस. कुणी बघितलं तर मीच पितोय म्हणू."

"तुम्ही कामून?"

"बाप्याचं लोक चार दिस बोलतेत अन् सोडतेत. तुझं कळलं तर पिंकीला कोण करून घेईल? अव्वा तर हाय खाऊन मरंल." त्यांची मुलगी पिंकी सातवीत होती. "तू ऐकून ऐकून सुधरशील. ऐकायलाच जायचं असतंय ना तिथं."

तिनं होकार दिला. होकार देताना अंगातून जे उतरलं ते तिच्या ओळखीचं होतं. पहिल्या घोटानंतर असंच उतरायचं. त्या आठवड्यात तिनं नागव्वाकडून नेहमीपेक्षा जास्त पाकिटं घेतली.

असे पुष्कळ रविवार गेले. ती बायकांच्या खोलीत शिकत गेली की पिणाऱ्याच्या पाठीमागं धावू नये, त्याच्या चुका झाकू नयेत, त्याच्यासाठी खोटं बोलू नये. बाहेर व्हरांड्यात तिच्यासाठी खोटं बोलून बसलेला माणूस चपला घालत असायचा. तो त्या खोलीत काय करतो ते तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदा त्यानं आपणहून सांगितलं, पिणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकताना त्याला राग येतो. कोणावर, ते सांगितलं नाही.

तिचं जेवण कमी झालं. संध्याकाळी पावलं सुजू लागली. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. खड्डा भरायला किती वेळ लागतो हे ती न्हाणीत बसून बघायची. डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी असंच खालून सुरू होतं का, हे विचारायला ती बीदरला गेली नाही.

मग भालकीच्या एका आडत्यानं महेशला त्या वर्गात शिरताना पाहिलं. आडत्याचा भाऊ त्याच सभेत बसत असे. मेहकरला बातमी यायला वेळ लागला नाही. व्यंकट नावाचा गिऱ्हाईक युरियाचं पोतं उचलता उचलता म्हणाला, "महेशअण्णा, एकटेएकटेच बसायलाव. शेंगा फोडायला तरी आमाला बोलवा की." दुकानातले लोक हसले. महेशही हसला. संध्याकाळी हे त्यानं नेत्रावतीला सांगितलं नाही. ते तिला नागव्वानं सांगितलं, मेथीची जुडी देता देता. जुडी देताना ती क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग टोपली उचलून गेली.

लिंगम्मानं ऐकलं त्या दिवशी पाणी सोडलं. ओरडली नाही. देवघरासमोर भिंतीला पाठ लावून बसली.

"अव्वा, पाणी तरी घे," महेश म्हणाला.

"मठात चल. लिंग हातावर घेऊन सोडली म्हण. मग घेते."

"अव्वा, तसं न्हाई ते."

"कसं हाय मग? तूच सांग."

नेत्रावती दारात उभी होती. महेशनं तिच्याकडे पाहिलं नाही. "चल," तो म्हणाला.

गावच्या मठात दुपारी कोणी नव्हतं. स्वामींनी महेशला समोर बसवलं. त्यानं गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, उजवा हात वर ठेवला. "आजपासून दारूला शिवणार न्हाई," तो म्हणाला. ज्यानं ती कधी चाखलीही नव्हती तो माणूस हे अगदी हळू, अडखळत म्हणाला, आणि लिंगम्मा रडू लागली. त्याचा आवाज ऐकून तिला वाटलं असणार, पोराच्या किती जिवावर आलंय.

"तू बी धर गं," ती सुनेला म्हणाली. "बायकोची साथ लागतीय. गळ्यातलं धर अन् त्याच्यासाठी माग."

नेत्रावतीनं पदराखाली हात घातला. दोऱ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी होती. डबी रिकामी होती. पिताना लिंग अंगावर नको म्हणून ती आधी तेवढ्यापुरतं ते काढून ठेवायची. पुढं परत घालायचं राहू लागलं, आणि आता ते कित्येक दिवस तांदळाच्या डब्यामागं फडक्यात होतं. तिनं रिकामी डबी मुठीत धरली, डोळे मिटले, आणि तिला काहीही मागता आलं नाही. घरी आल्यावर लिंगम्मानं तांब्याभर पाणी एका दमात घेतलं. नेत्रावती गोठ्यात गेली.

त्या रविवारी हुमनाबादला बस बदलताना ती बायकांच्या संडासात गेली आणि पर्समधलं पाकीट तिथं उभ्यानं संपवलं. हात थांबले. बाहेर आली तेव्हा महेश नळाशी बाटली भरत होता. त्यानं तिचं तोंड बघितलं आणि बाटलीचं झाकण लावत राहिला, ते लागलेलं होतं तरी. बसमध्ये तो प्रथमच तिच्यापासून दोन सीट मागं जाऊन बसला.

शाळेच्या व्हरांड्यात शिवय्यानं नेहमीसारखे हात जोडले. महेश चपला काढून आत गेला. नेत्रावतीनंही चपला काढल्या आणि त्याच्या मागून आत गेली.

आत वीसेक माणसं होती. खुर्च्या सरकल्या, दोघं-तिघं उगाच उभे राहिले.

"अक्का, पलीकडं," शिवय्या म्हणाला. "इथं फक्त पिणारे बसतेत."

"म्हणून तर आले," ती म्हणाली.

"तिची तब्येत बरी न्हाई," महेश म्हणाला. "नेत्रा, चल, मी सोडतो तिकडं."

"मी पिते. हे न्हाई पीत."

शिवय्यानं महेशकडे पाहिलं. "अण्णा?"

"व्हय," महेश म्हणाला. "मी पीत न्हाई. कधीच न्हाई."

खोलीत हशा पिकला. "अण्णा, आमी सगळे पहिल्यांदा हेच म्हणलो," एक जण म्हणाला. "आमच्या बायकाबी असंच सांभाळून घ्यायच्या," दुसरा म्हणाला. महेशचा चेहरा काळवंडला.

"ते खरं बोलायलेत," नेत्रावती म्हणाली. "इतके दिवस ते माझ्या जागी बसले. परवा मठात माझी शपथ त्यांनी घेतली. मी येताना हुमनाबादला घेऊन आले. वास घ्या."

कोणी हसलं नाही. पहिल्या खुर्चीवरचा माणूस, ज्याच्या जवळून ती गेली होती, त्यानं मान खाली घातली. त्याला वास आला होता.

महेश उठला. तिच्या बाजूनं दाराकडे जाताना त्यानं तिच्या कोपराला हात लावला की गर्दीत लागला, तिला कळलं नाही. तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं दानम्माचा आवाज आला, "या अण्णा, आत या," आणि मग सिद्धव्वाचा, "बापई इथं कामून?" त्यापुढचं ऐकू आलं नाही. दार लागलं.

शिवय्यानं खुर्ची ओढून दिली. "घेऊन आलेल्यानं त्या दिवशी बोलायचं न्हाई, अशी इथली रीत हाय. नुसतं ऐकायचं."

"न घेता मला इथवर येता येत न्हाई."

"माहीत हाय."

"मग मी कधी बोलणार?"

शिवय्या आपल्या जागेवर जाऊन बसला. सभा सुरू झाली. माणसं एकामागून एक कन्नडमध्ये, दखनी उर्दूत बोलली; नेत्रावतीसमोर बोलायला अवघडत होती, बायकोला मारल्याचं सांगताना शब्द गिळत होती. कोणीतरी तिच्या हातात चहा दिला. तिचे हात पुन्हा सुरू झाले होते. चहा बशीत, बशीतून मांडीवर सांडला. शेजारच्या माणसानं काही न बोलता तिचा पेला आपल्या हातात धरून ठेवला आणि तिला लागेल तसा पुढं करत राहिला.

उठताना शिवय्यानं विचारलं, "जास्त कधी वाटतंय?"

"दिवेलागणीला."

"मग दिवेलागणीला फोन कर. घ्यायच्या आधी."

"अन् आधीच घेतली तर?"

"तरी कर. पण डॉक्टरकडं उद्याच जा. पाय दिसायलेत मला. एकदम बंद करायची झाली तर दवाखान्यात राहून कर, घरी नको. घरी करून माझा मित्र मेला."

बाहेर महेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल होते. बसमध्ये तो तिच्या शेजारी बसला. कमलापूरच्या पुढं म्हणाला, "आता अव्वाला काय सांगायचं?"

"मी सांगते."

"तू सांगशील अन् ती पुन्हा पाणी सोडंल."

तसंच होणार होतं.

हुमनाबादला उतरले तेव्हा स्टँडवरचे दिवे लागत होते. भालकीची बस यायची होती. रस्त्याच्या पलीकडे दारूच्या दुकानासमोर माणसं उभी होती आणि जाळीतून हात आत-बाहेर होत होते. संडासाच्या दारापर्यंत ती गेली आणि परत आली. पर्समध्ये दुसरं पाकीट होतं. सकाळी निघतानाच तिनं दोन ठेवली होती.

तिनं फोन काढला. बोटं चुकीच्या ठिकाणी पडत होती. महेशनं फोन घेतला, शिवय्याचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. मग तो थोडा लांब, पाठ करून उभा राहिला.

घंटी बराच वेळ वाजली आणि बंद झाली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं पुन्हा लावला.

"हां, बोल," शिवय्याचा आवाज आला. मागं भांडी वाजत होती.

पर्स तिनं काखेत इतकी घट्ट दाबली होती की पाकिटाचा कोपरा बरगडीखाली रुतत होता, डॉक्टरांनी बोटं लावली होती तिथंच कुठंतरी.

"घेतलीस का?"

"न्हाई. पर्समध्ये हाय."

"बस यायला वेळ हाय?"

"हाय."

"बरं," तो म्हणाला. तिकडं भांड्यांचा आवाज थांबला, खुर्ची ओढल्याचा आला. तो पुढं काही बोलला नाही आणि फोनही ठेवला नाही. नेत्रावती कानाला फोन लावून उभी राहिली. तिच्या श्वासाचा आवाज तिलाच मोठा वाटत होता. भालकीची बस अजून आली नव्हती.